मानपुरचा वळसा

“पुन्हा शॉर्ट होऊन राहिलंय,” गोपीनाथराव म्हणाले. पॉवरपॅक बंद पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. “एकच रूळ कापला असशील तू, कुमुद.”

“दोन्ही कापले.”

“मग कसं होईल? रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळतो, तिथे डावा उजव्याला भिडतो. प्लस मायनसला. म्हणून दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे. इतनी सी बात आहे यार!”

“इतनी सी आहे तर तुम्हीच करा ना!”

बोलली आणि कुमुदिनीने जीभ चावली.

स्नेहलतागंजच्या फ्लॅटमधली ही मागची खोली नवऱ्याच्या खेळण्यातल्या रेल्वेची. इतकी वर्षं तिला फरशी पुसण्यापुरताच आत प्रवेश होता. भिंतीकडेने गाडी टोकाच्या छोट्या स्टेशनाला, मानपुरला जायची. नाव त्यांच्या आजोळचं. तिथे ते इंजीन उचलून फिरवायचे आणि परत रुळांवर ठेवायचे. शुगरने डोळे गेले, तशी चाकं रुळांवर बसेनात. एकदा इंजीन हातातून पडलं, आणि त्यांनी खोलीत येणंच सोडलं. दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. शेवटी तीच म्हणाली होती, “गाडी आपणहून वळून येईल असं काही नाही का करता येत?” म्हणून ते सांगतील तसा ती मानपुरला रुळांचा वळसा जोडत होती.

ती वाकून बघू लागली. पलीकडच्या टोकाला, कापलेल्या फटीत डाखाचा थेंब बसला होता.

“माझंच चुकलं. फट बुजली हो.”

आता ते ऐकवणार, म्हणून ती थांबली.

“माझ्या हातूनही व्हायचं असं,” ते हळूच म्हणाले. “तुला कधी सांगितलं नाही, इतकंच.”

तिने थेंब खरवडून काढला. गाडी निघाली. ते बटणावर बोट ठेवून कान देऊन बसले. गाडी वळशात असतानाच बाहेरच्या रुळांतली वीज उलटी करायची होती. नाहीतर बाहेर पडतानाच ती अडकणार. चाकं फटीवरून गेली. टक. शेवटचा डबाही आत शिरला. त्यांनी बटण पलटलं.

इंजीन न अडखळता बाहेर आलं, तिच्या पदराजवळून गेलं आणि त्यांच्यासमोरून पुढे निघालं.

“आली?”

“आली.”

ते हसले. कितीतरी महिन्यांनी. गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती, आणि ते रिकाम्या रुळांकडे तोंड करून हसत होते.

कुमुदिनीने डाख द्यायच्या सोल्डरिंगची वायर प्लगातून काढली आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.