थाळ्याभोवती ठरलेलं पोट

तांब्याचा थाळा आहे मी, मित्रांनो. जुना, रुंद, काठाला एके ठिकाणी चेपलेला. रत्नागिरीच्या राजिवड्यात, खाडीकडे तोंड केलेल्या एका घरात माझं आयुष्य गेलं. चिपळूणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या. आतून कल्हई झाली तेव्हा मी असा उजळलो, की एका नव्या नवरीने माझ्यात बघून डोक्यावरची ओढणी सारखी केली. तिच्याच लग्नात मी या घरी आलो.

आमच्याकडे एकेकट्याचं ताट मांडत नाहीत. माझ्याभोवती सगळे मांडी घालून बसतात. मध्ये भाताचा ढीग, त्यावर मटण. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलं खायचं, आणि सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. चांगला तुकडा शेजारणीच्या पुढ्यात सरकवायचा, ही माया. तिने तो खायचा, हा मान. लग्नाच्या दिवसांत बायका दफाच्या ठेक्यावर गायच्या,

थाळा मांडला अंगणी, सया बसल्या रिंगणी,
एकीचा गो घास, उचले दुसरी बोटांनी.

ते ऐकून माझा काठ न् काठ सुखावायचा. जगात याहून गोड काही नसेल, असं मला वाटायचं. तेव्हा वाटायचं.

या घरची मोठी सून अजरा. तिचा नवरा हाशिम कुवेतला नोकरीला. बाळंतपणानंतर अजराचं अंग वाढत गेलं, पाठोपाठ साखर लागली. माझ्याजवळून उठताना तिला दोघींचा हात घ्यावा लागे. धाकटी नणंद समरीन हसायची. "भाबी, सांभाळ, थाळापण उठून येल तुझ्यासंगती!" अजराही हसायची. पण तिची आई साखरेनेच गेली होती, आणि जाण्याआधी तिचा पाय कापावा लागला होता. तळव्याला मुंग्या आल्या की अजराचं हसू जागच्या जागी विझायचं. आईसारखं व्हायचं नाही, एवढं एकच ती मागत होती.

२००५ साली हाशिम सुट्टीवर आला आणि त्याने तिला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. त्या दिवशी सगळं घर माझ्याभोवती होतं. सासूने विचारलं, "काय बोलला गो डॉक्टर?"

अजराने रश्श्यात बोट बुडवलं आणि माझ्या रिकाम्या कडेवर एक पोट काढलं.

"वजनाची तीन ऑपरेशनं हायत, अम्मी. एक पट्ट्याचं. पोटाच्या वरच्या बाजूला पट्टा बांधतात. कातडीखाली बटणासारखं ठेवतात, त्यातून पाणी भरलं की पट्टा आवळतो. कापाकापी कमी, पण आवळायला, सैल करायला सारखं मुंबईला जावं लागतं. दुसऱ्यात पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी ठेवतात. ते अजून नवीन हाय. तिसरं बायपास. वरचं थोडंसं पोट वेगळं करून त्याला खालचं आतडं जोडतात. मोठं काम हाय, गोळ्या जन्मभर. पण साखरेला गुण त्याचाच जास्त. डॉक्टर बोलले, तुम्ही लांबून येणार, तुम्हाला हेच बरं."

माझ्या अंगावर तिचं बोट त्या बायपासच्या जोडावरच टेकलेलं होतं. त्या बोटाला ठाऊक होतं काय हवं ते. आता कुणीतरी विचारील म्हणून मी वाट बघितली.

सासरे गुलाम रसूल बोटीचे मालक. ते म्हणाले, "अल्लाने दिलेलं आतडं काय बोटीचं मशीन हाय? हितलं सोडून तिथं जोडायला? पट्टा बरा. नको झाला की सोडता येतो."

"अजून एक पोर व्हायचं हाय," सासू म्हणाली. "आतडी कापल्यावर पोर राहील काय?"

"थोडं थांबून राहतं, अम्मी. डॉक्टर बोलले."

"डॉक्टर बाप्या माणूस. त्याने किती बाळंतपणं काढली?"

सगळे हसले. धाकटा दीर मुझम्मिल म्हणाला, "पट्टा आवळायला मी नेईन ना भाबीला. त्यात काय!"

अजराने हाशिमकडे बघितलं. हाशिमने बापाकडे बघितलं. "अब्बा बोलतात तसं करू."

गुलाम रसूलनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या कडेवरून फिरवला आणि तोंडात टाकला. अजराने काढलेलं पोट त्या एका घासात पुसून गेलं.

पट्टा बसला. मुझम्मिलने तिला एकदा नेऊन आणलं. मग मासेमारीचा हंगाम आला, मग त्याच्या स्वतःच्या लग्नाची धावपळ. अजराने आठवण करून दिली की "जाऊ गो पुढच्या आठवड्यात," म्हणायचा. एकटी निघते म्हणाली, तर सासूने कपाळाला हात लावला. "घरात बाप्ये असताना सून एकटी मुंबईला? लोक काय बोलतील?"

मुझम्मिलच्या लग्नात मला शेवटची कल्हई झाली. अजरा पाहुण्या बायकांत बसली. केळशीहून आलेल्या एका खालाने, म्हणजे मावशीने, मटणाचा मोठा तुकडा तिच्या पुढ्यात सरकवला.

"नको, खाला. पोटाला पट्टा हाय."

"पोटाला हाय, तोंडाला नाय ना गो!" रिंगणात खसखस पिकली. मग दुसरीने सरकवला, तिसरीने सरकवला. अजरा घास चावतच राहिली. बाकीच्यांचं आटपलं, हात वाळू लागले, पण तिचं होईना म्हणून कुणाला उठता येईना. "आटप गो बाय, मुलीकडचे ताटकळलेत," सासू दातओठ खात म्हणाली. अजराने न चावता गिळलं.

त्यानंतर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही ठरेना. घरच्यांनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, नजर लागली म्हणाले. मुंबईला नेलं तोवर पट्टा घसरला होता आणि पोटाचा वरचा भाग सुजून बसला होता. पट्टा काढावा लागला. बायपासचं बघू, आधी पोट बरं होऊ दे, असं डॉक्टर म्हणाले. पण पुन्हा मुंबईला न्यायला कुणाला सवड झाली नाही. साखरेला मात्र सवड होती. तिने अजराच्या पायाची बोटं नेली.

आता ती खिडकीपाशी खुर्चीत बसून स्टीलच्या ताटलीत एकटी जेवते. घरात आल्यागेल्याला सांगतात, "एवढं ऑपरेशन केलं, पण हिचा खाण्यावर ताबाच नाय." मित्रांनो, ज्या हातांनी तिच्यापुढे घास सरकवले, त्याच हातांची माणसं हे बोलतात. माझ्या तोंडाला तेव्हा अशी कडू चव येते, जशी कल्हई उडालेल्या तांब्यात ठेवलेल्या कळकलेल्या आमटीला यावी.

परवा पुन्हा सगळे माझ्याभोवती बसले. समरीनचं वजन वाढलंय, तिचं लग्न जमत नाही.

"पट्टा नको. त्याने या घराला गुण नाय," गुलाम रसूल म्हणाले. "या खेपेला ती नळी करू."

खुर्चीतून अजरा म्हणाली, "अब्बा, पोट तिचं हाय. तिला विचारा."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. "तू जेव गो तुझं," सासू म्हणाली.

मित्रांनो, मला कल्हई केली नाहीत तरी चालेल. अडगळीत टाका, कोंबड्यांना पाणी ठेवा माझ्यात. पण ज्या देहावर सुरी चालायची आहे, त्या देहाच्या माणसाला आधी विचारा. आणि विचारून गप्प बसा, तिला शब्द सापडेपर्यंत. लहानपणापासून ज्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो.

त्या दिवशी अजरा पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "समरीन, तुला काय हवं ते सांग."

समरीनने भातात बोटं फिरवली. बापाकडे बघितलं. भावाकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली,

"अब्बा ठरवतील तसं."