रस्ता सांगणारं यंत्र

दुकानातलं हे सहावं यंत्र होतं आणि माझी कंबर आता बोलायला लागली होती. विक्रेता मात्र थकायचं नाव घेत नव्हता.

"वहिनी, याचा पडदा मोठा आहे. आवाज बाईचा हवा की पुरुषाचा?"

"ऐकू आला म्हणजे झालं," मी म्हटलं.

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. गोदामांत, कारखान्यांत जायचं, काटा उघडायचा, डिकीतली प्रमाणित वजनं ठेवून तपासायचा. हातात जादू आहे, पण दिशांच्या नावाने शंख. तीनदा गेलेल्या गोदामाचं फाटक चौथ्यांदा सापडेल तर शपथ. म्हणून गेली बावीस वर्षं मी शेजारी बसून रस्ता सांगते. फोनवरचा नकाशा वापरून पाहिला. गिऱ्हाइकाचा फोन आला की नकाशा गायब आणि आम्ही भलत्याच गल्लीत.

आता माझे डोळे दगा देतायत. गेल्या महिन्यात पाटी वाचली असं समजून वळायला सांगितलं, तर गाडी थेट खडीच्या खाणीत. यांनी नुसती गाडी मागे घेतली. बोलले असते तर बरं झालं असतं. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. मग तीन महिने प्रवास बंद, आणि पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. यांना एकट्याने जाता आलं नाही, तर काम बंद. खरं सांगायचं तर यांच्यापेक्षा मलाच ते यंत्र जास्त हवं होतं. मी फार दमले होते.

विक्रेत्याने यंत्र आमच्या गाडीच्या काचेला लावलं, जवळच्या एका पेट्रोल पंपाचा पत्ता भरला आणि स्वतः मागे बसला.

"पुढे डावीकडे वळा," यंत्रातली बाई म्हणाली.

हे सरळ गेले.

"साहेब, डावीकडे म्हणाली ना ती!"

"ऐकलं हो."

दुसरं वळणही गेलं, तिसरंही. मी वैतागले. "अहो, कान कुठे गहाण टाकलेत?"

"अगं, पण तू कुठे काही म्हणालीस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वळण तोंडाशी आलं की मी एकदा 'हं' म्हणते. त्या 'हं'वर यांचा हात फिरतो. इतक्या वर्षांत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या वळणाला मी 'हं' म्हटलं. गाडी झकास वळली.

"जमलं की!" विक्रेता खूश झाला.

जमलं डोंबल! सोमवारनंतर 'हं' म्हणायला मी कुठून येणार?

पाचव्या वळणाआधी मी ओठ मिटले. यंत्राने उजवीकडे वळायला सांगितलं. यांनी वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर सगळं पुसट होतं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. घशाशी आलेलं 'हं' मी गिळून टाकलं.

गाडी उजवीकडे वळली.

पुढची तीन वळणंही हे आपले आपण वळले. पंपावर थांबलो तेव्हा यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"हेच घेऊ या?" यांनी विचारलं.

"घेऊ या," मी म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं, पण घटकाभरच. मग इतकं एकटं वाटलं की विचारू नका.

परतताना विक्रेत्याला पुढे बसवून मी मागे बसले. दुकानापर्यंत हे एकदाही चुकले नाहीत. प्रत्येक वळणाला मला वाटत होतं, चुकावेत.