जोडावरची पांढरी रेघ

वस्तादांनी दिव्याचा घोडा दाबला आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवर निळसर प्रकाशाच्या टिचक्या पडू लागल्या. भरवेगाने फिरणारी पुली या दिव्यापुढे जागच्या जागी थांबल्यासारखी दिसे, आणि तिच्यावर कोरलेली खूण शेजारच्या अंशपट्टीवर कुठे उभी आहे ते वाचता येई. हे दृश्य त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. तरी दर वेळी त्यांचा श्वास क्षणभर अडखळे.

आज तो जरा अधिकच अडखळला. खूण दहावर उभी होती. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः ती चौदावर आणून बोल्ट आवळला होता.

“बाबा, काय म्हणतंय?” स्टिअरिंगमागून सूनबाईने विचारले.

“म्हणेल, म्हणेल. जरा दम धर.”

गाडी जुनी होती, पण तिचे इंजिन सासऱ्या-सुनेने मिळून नव्याने घडवले होते. पेट्रोल फवारणारी नोझले मोठी बसवली होती, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वेगळा घातला होता, आणि इंधनाचा व ठिणगीचा हिशेब ठेवणाऱ्या कॉम्प्युटरलाही नवे धडे दिले होते. पिस्टन माथ्याला पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडावी, हे मात्र अजून हातानेच लावावे लागे. फार आधी पडली तर पिस्टनच्या जिवावर बेते. उशिरा, म्हणजे चौदाऐवजी दहा अंशांवर, पडली तर बिघडत काहीच नाही, फक्त इंजिनाची धार जाते. आणि आज धारेवाचून चालणार नव्हते. दुपारी डोंगररस्त्यावर शर्यतीच्या संघासाठी शेवटची चाचणी होती. मागच्या दोन्ही चाचण्यांत सूनबाई केसाच्या अंतराने मागे राहिली होती.

कॉम्प्युटर मधे लुडबुड करू नये म्हणून टायमिंग लावताना त्याची दोन टोके तारेने जोडून त्याला गप्प बसवीत. वस्तादांनी वाकून पाहिले. तार जागेवर होती. मग त्यांनी ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे दिवा वळवला. तो किंचित फिरला तरी ठिणगीची वेळ बदले, म्हणून बोल्ट आवळल्यावर त्याच्या आणि इंजिनाच्या जोडावरून ते पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवीत. ती रेघ तुटली नव्हती, सरकलीही नव्हती.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. रेघ बारीक होती, ताठ होती, दोरा ताणून धरावा तशी. गेली काही वर्षे वस्तादांचा हात कापत असे आणि त्यांची रेघ जाड, नागमोडी उमटे. निरखून पाहिल्यावर त्या ताठ रेघेच्या बाजूला पुसून टाकलेल्या जाड रेघेची पुसट सावलीही दिसली.

सूनबाई उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती.

“अगंबाई! बाबा, आज रेघ अगदी सरळ आली हो. चोरून सराव करता की काय?”

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजात उघडे. तिथला भांड्यांचा आवाज थांबला.

अशा सरळ रेघा या घरात एकच हात काढी. कापड बेतताना खडू धरणारा तो हात. त्याच हाताने संसारभर वस्तादांसाठी हा दिवा धरला होता, न मागता नेमका पाना पुढे केला होता. मागच्या दोन चाचण्यांच्या सकाळी आपण रेघेकडे नुसते पाहून समाधान मानले होते, दिवा लावलाच नव्हता, हे वस्तादांना आठवले आणि त्यांच्या कानशिलांत रक्त चढले. मुलगा बोटीवर रुजू होताना आईला एवढेच म्हणाला होता, की हिला सांभाळ. आईने सांभाळले होते, चार अंशांनी.

“इंजिनात खोट नाही, बाबा,” सूनबाई हसू आवरून म्हणाली. “खोट माझ्यातच आहे. पायात जीव नाही माझ्या. आज नाही जमलं तर हेल्मेट माळ्यावर टाकते, आणि तुम्हालाही मोकळं करते.”

वस्तादांनी तिच्याकडे पाहिले, मग खिडकीकडे.

“बोल्ट मीच ढिला ठेवला असेन,” ते म्हणाले. “वय झालं.” आणि आवाज चढवून त्यांनी हाक मारली, “अगं, जरा दिवा धरायला ये. माझा हात कापतोय.”

वस्तादीणबाई हात पुसत आल्या. गॅरेजात त्यांना याच नावाने ओळखत. नवऱ्याच्या नजरेला नजर न देता त्यांनी दिवा घेतला आणि पुलीवर रोखला. वस्तादांनी बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर मुठीत धरला. सूनबाई पुन्हा आत बसून तापमानाच्या काट्याकडे पाहू लागली.

“किती?”

“दहा.”

मूठ किंचित वळली. इंजिनाचा स्वर उंचावला.

“आता?”

“बारा.” मग कुणी विचारले नसताना त्या हळूच म्हणाल्या, “अहो, बारा पुरे नाही का?”

“पुरे आहे की. घरी परत यायला पुरे आहे.”

वस्तादीणबाईंनी काचेतून आत पाहिले. सून हेल्मेट मांडीवर घेऊन नख कुरतडत होती. हेल्मेटवर धूळ नव्हती, तरी तिने ते हाताने पुसले.

“अजून,” त्या म्हणाल्या. “अजून जरा. थांबा. चौदा.”

वस्तादांनी पट्टीकडे न पाहता बोल्ट आवळला आणि ब्रश बायकोच्या हाती दिला. या वेळी रेघ वाकडी आली.

तार काढली. सूनबाईने ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन असे गरजले की फळीवरचे पाने किणकिणले. तिने दचकून पाय काढला, पुन्हा दाबला, आणि लहान मुलीसारखी हसत सुटली.

“बाबा, हे आपलंच आहे ना?”

डोंगराच्या पायथ्याशी गाड्या रांगेत उभ्या होत्या, हवेत पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास दाटला होता. सूनबाई हातमोजे चढवायला गेली. वस्तादांना सहीसाठी बोलावणे आले. बॉनेट उघडेच होते. सही करून वळताना त्यांना दुरून दिसले, की बायको एकटीच इंजिनावर वाकून उभी आहे आणि तिचा एक हात आत आहे. त्यांचे पाऊल उचलले गेले, तसेच थांबले. ते पाठमोरे झाले आणि निशाणवाल्याशी उन्हाबद्दल गप्पा मारू लागले. निशाणवाल्याने घाईत आहे असे सांगितले, तरी ते बोलतच राहिले.

निशाण पडले आणि गाडी सुटली. पहिले वळण, दुसरे वळण. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज वर वर चढत राहिला, मोकळा, भरघोस, कुठेही न कचरता. वस्ताद डोळे मिटून ऐकत होते. त्यांची मान प्रत्येक वळणाबरोबर कलत होती. मग डोंगरमाथ्यावर शांतता झाली, आणि ध्वनिक्षेपकातून आलेली वेळ ऐकून रांगेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. तोवरच्या सगळ्या गाड्या मागे पडल्या होत्या.

वस्तादीणबाईंनी पिशवीतला हात बाहेर काढला.

“हा तुमच्या पेटीतला,” त्या म्हणाल्या. “चुकून आला माझ्याबरोबर.”

डिस्ट्रिब्यूटरच्या बोल्टचा तो पाना वस्तादांनी घेतला. किती तरी वेळ घट्ट मुठीत धरलेला असावा, तसा तो ऊन होता.