बिनपॉलिशची गिटार

"हात अजून वर कर," नेरिडा म्हणाली.

"एवढाच जातो. याच्यावर न्यायचा असेल तर दुसरा माणूस बघ."

अ‍ॅथोल ट्रिफिट शर्टाची बटणं सोडून तिच्या कामाच्या बाकावर बसला होता. उजव्या काखेखाली, छातीतलं पाणी काढायला घातलेल्या नळीवर जाड पट्टी चिकटवलेली होती. नेरिडाने टेप पट्टीला लागू न देता अधांतरी धरली, आकडा पाहिला आणि भिंतीवरच्या फळकुटावर पेन्सिलीने लिहिला. सव्वीस वर्षं ती या शेडमध्ये गिटारी घडवत होती. गिऱ्हाइकांचे हात तिने पुष्कळ मोजले होते. छाती मोजायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"दुकानातली ती इलेक्ट्रिक काय वाईट होती?"

"चार दिवस ठेवली. खांद्याला धोंडा बांधल्यासारखं वजन. गळा इतका अरुंद की माझी बोटं एकमेकांच्या पायावर पाय देतात. आणि तारा म्हणजे कोळ्याचं जाळं. बोट लावायच्या आत वाकतात." त्याला दम लागला. थोडा थांबून तो म्हणाला, "मी लाकडी गिटार वाजवणारा माणूस आहे, पोरी. मला कुठे वीज हवी होती? ही छाती ऐकेना म्हणून."

फ्रँकलिन गावातल्या नदीकाठच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी नाच असे, आणि अठ्ठेचाळीस वर्षं त्या नाचाला अ‍ॅथोलची गिटार असे. नेरिडा नाचायला शिकली तीच मुळी त्याच्या ठेक्यावर. त्याआधी, विशीत, तो एका कागदाच्या गिरणीत वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसचं पांढरं आच्छादन गुंडाळायच्या कामावर होता. जेवणाच्या सुट्टीत ती पोरं त्या ओल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारत. त्यातले दोघेच आता उरले होते. त्या धुळीने पन्नास वर्षं दम धरला आणि मग त्याच्या फुप्फुसाभोवतीचं आवरण पकडलं. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, नाताळ दिसेल असं धरून चालू नका.

जुन्या गिटारीचं फुगीर पोट नेमकं त्या जागी रुतत होतं.

नेरिडाला एक गिटार करायला एरवी नऊ महिने लागत. तिने हातातली बाकीची कामं भिंतीला टेकवून ठेवली. गळा तिने अ‍ॅथोलच्या जुन्या गिटारीवरून जसाच्या तसा उतरवला. तितकाच रुंद, पाठीला तितकाच गोल. तारांमधलं अंतर बोटांनी छेडणाऱ्याला लागतं तेवढं ठेवलं, तारा जरा जाड घेतल्या. पोट मात्र दोन बोटांचंच. वर किंग बिली पाइनची फळी, बाजूंना ब्लॅकवुडचं लाकूड. आवाज टिपायला दोन पिकअप, एक तारांखाली आणि एक घोडीखाली. मोठ्या आवाजात गिटार किंचाळू नये म्हणून तिने पोटात मधोमध भरीव ठोकळा ठेवला. रविवारीही ती शेडमध्येच असे. जुलैच्या मध्याला लॅकरचा सातवा हात वाळला, तेव्हा त्या पृष्ठभागात खिडकी दिसत होती.

अ‍ॅथोलने गिटार मांडीवर घेतली. दोन गती वाजवल्या. नेरिडाने स्पीकरचा आवाज थोडा वाढवला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"चांगली फळी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"हाताला छान लागते. वजन नाही. दुखतही नाही. पण फळी आहे."

"सात आठवडे घातलेत मी! आवाज ऐक ना जरा. तुझ्या जुन्या गिटारीपेक्षा स्वच्छ आहे."

"आवाज तिकडे आहे गं, त्या पेटीत. मी इकडे बसलोय."

दारात उभी असलेली त्याची बायको थोरा म्हणाली, "अ‍ॅथोल, निदान आभार तरी मान."

"आभार मानत बसायला वेळ आहे का माझ्याकडे?" तो म्हणाला, आणि गिटार बाकावर ठेवून, कठड्याला धरत धरत गाडीकडे गेला.

नेरिडाने त्या दिवशी शेड दोनदा झाडली. दुसऱ्या दिवशीही तिचा राग उतरला नाही. म्हातारा आजारी आहे, चिडचिड होणारच, असं तिने मनाला सांगून पाहिलं. पण त्याचं बोलणं आजाऱ्याचं नव्हतं, जाणत्याचं होतं, आणि तेच तिला झोंबत होतं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली ती भांडायच्या तयारीनेच.

मागच्या दाराने आत शिरली तर अ‍ॅथोल स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जुनी गिटार वाजवत होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे पडलेले. गिटार त्याने कोपराने त्या नळीवरच आवळून धरली होती. थोरा त्याच्याकडे पाठ करून मोरीशी उभी होती. भांडं एकही नव्हतं, पण नळ सोडलेला होता.

"अरे, दुखतंय ना? मग जरा लांब धर की!"

"लांब धरली तर ऐकू येत नाही."

तिला कळलं नाही. त्याने तिचा पंजा ओढून गिटारीच्या पाठीवर ठेवला आणि खर्जाची तार छेडली. लाकूड तिच्या हाताखाली जिवंत झाल्यासारखं थरथरलं.

"मी इथून ऐकतो," तो म्हणाला. "कान तर त्या गिरणीच्या धडधडाटातच गेले. माणूस समोर बसून बोलला तर ओठांवरून कळतं. हॉलमध्ये ब्रॉनी माझ्या शेजारी बसून फिडल वाजवते, ते मी दहा वर्षांत ऐकलेलं नाही. ठेका जमिनीतून पायात येतो आणि सूर बरगडीत. कुणाला बोलू नकोस. बाहेर काढतील मला."

थोराने नळ बंद केला. "दहा नाही," ती वळून म्हणाली. "पंधरा."

घरी परतताना नेरिडाने गाडी हळू चालवली. तिने त्याच्या हाताचा विचार केला होता, खांद्याचा केला होता, दुखऱ्या जागेचा केला होता. गिटार किंचाळू नये म्हणून ठेवलेल्या त्या ठोकळ्याने तिने त्याचं ऐकणंच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ती चकचकीत गिटार बाकाला आवळली आणि पाठ करवतीने कापून काढली. ठोकळा पटाशीने कोरून काढला. पाठीला पाइनची नवी फळी बसवली, इतकी पातळ की उजेडाशी धरली तर बोटांची सावली दिसावी. दुखऱ्या जागेसमोरची कड खोल तासली आणि खालची कड किंचित पुढे आणली, म्हणजे गिटार खालच्या, धड बरगड्यांनाच टेकेल. ती कड बसते की नाही हे पाहायला अ‍ॅथोलला तीनदा यावं लागलं. तिसऱ्या खेपेला त्याला गाडीतून शेडपर्यंत चालवेना. नेरिडाच गिटार घेऊन गाडीपाशी गेली.

ऑगस्टचा शेवटचा रविवार सहा दिवसांवर आला. लॅकर वाळायला महिना लागला असता. तिने लाकडाला नुसतं तेल चोळलं. करवतीचे ओरखडे बाजूंवर तसेच राहिले. तिच्या शेडमधून असं काम आजवर बाहेर पडलं नव्हतं.

"आवाज वाढवलास तर किंचाळेल ही," ती म्हणाली.

"मग नाही वाढवत." अ‍ॅथोलने तार छेडली आणि डोळे मिटले. तीच तार पुन्हा छेडली. मग म्हणाला, "आली."

हॉलमध्ये त्या दुपारी गर्दी होती. त्याला उचलून आणल्यासारखं आणलं, खुर्चीवर बसवलं. "काय रे अ‍ॅथोल, म्हातारपणी वीज संचारली का अंगात?" कोणीतरी समोर येऊन ओरडलं. "तुझ्या अंगात तरुणपणीही नव्हती!" तो म्हणाला, आणि लोक हसले. तीन नाच त्याने पूर्ण वाजवले. चौथ्यात त्याचा उजवा हात तारांवर पडून राहिला. ब्रॉनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकटीने फिडल पुढे ओढलं. नाचणारे थांबले नाहीत. अ‍ॅथोल पायाने ठेका देत राहिला, नाच संपेपर्यंत.

त्यानंतर तो हॉलमध्ये गेला नाही.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी दुपारी थोराचा फोन आला. "तार तुटलीय, खालून दुसरी. आणतेस का?" नेरिडाने हातातलं काम संपवलं, तारांचं पाकीट घेतलं. पोचायला तिला तीन वाजले.

थोरा दार उघडून बाजूला झाली. "दोन वाजता गेला," ती म्हणाली.

अ‍ॅथोल पलंगावर होता. चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली. गिटार शेजारच्या खुर्चीत, तुटलेल्या तारेची गुंडाळी लोंबत असलेली.

"वाजवत होता?"

"तो कसला वाजवतोय! मी वाजवत होते. मला येतं कुठे काही? त्याच्या अंगावर ठेवायची आणि मोकळ्या तारा छेडायच्या. जरा जोरात छेडली असेल." थोराने आपल्या बोटांकडे पाहिलं. "बसवतेस ना?"

"आत्ता?"

"त्याला न्यायला माणसं येतील, तास आहे अजून. मोडकी नको राहायला."

नेरिडा खुर्चीत बसली. तिने तुटलेले तुकडे काढून खिशात टाकले, नवी तार घोडीत अडकवली, खुंटीवर गुंडाळली. उरलेलं टोक थोराने पकडीने कापलं. खुंटी पिळत पिळत नेरिडाने सूर वर चढवला, अगदी हलक्या बोटाने छेडून.

"लागला?" थोराने विचारलं.

"लागला. पण नवी तार आहे, उतरत राहील. दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा लावावी लागेल."

"मग दाखव मला कशी लावतात ते," थोरा म्हणाली, आणि चष्मा शोधायला उठली.