मेणाचा वास

आमच्या मिस्त्रींसारखं नाक सात गावांत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. भाजी आणि पाव कापायच्या लाकडी फळ्या करतात. ही एक गोष्ट मात्र लोक खरी बोलत होते, म्हणून तर सगळं बिनसलं.

फळी घडवून झाली की तिला तेल पाजावं लागतं, नाहीतर ती पाणी पिते आणि तडकते. तेल कुठलं, ते ह्यांचं नाक ठरवायचं. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, डोळे मिटून हुंगायचं. शेंगदाण्याचं आणलं की तोंड फिरवायचे. "आज बरं आहे, महिन्याभरात फळी खवट होईल." अक्रोडाचं चांगलं, पण एखाद्याला अक्रोड सोसत नाही, त्याच्या जिवावर बेतायचं, म्हणून ते बाद. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल तर दारातसुद्धा नको. लवकर सुकावं म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं, ते खाणाऱ्याच्या पोटात कशाला? उरलं घाण्यावरचं कच्चं जवस. सुकायला आठवडे घेतं, पण ताजं असेल तर लाकडात छान मुरतं. ताजं असेल तर.

औषधाच्या दुकानात पातळ पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात ते. ते कधी खवट होत नाही. वर मधमाश्यांचं मेण चोळलं की झालं. मी शंभरदा सांगितलं. हे म्हणायचे, "ज्याला वास नाही त्याची पारख काय करायची?"

गेल्या वर्षी ह्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे काही बोलले नाहीत. मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. हे शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले, आणि मी पार मागच्या दारातून धावत आले. "अहो, वास नाही आला?" तर म्हणाले, "वाचण्यात लक्ष होतं." मी मूग गिळून बसले. ज्या माणसाची सगळी ऐट नाकात, त्याला नाक गेलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

हुंगणं मात्र सुटलं नाही. तळहातावर थेंब, मिटलेले डोळे, आणि "उत्तम." जवसाचा डबा उन्हात राहून पार बिघडला होता, जुन्या रंगासारखा वास मारत होता, तरी उत्तम. मी गुपचूप ताजं तेल आणून ठेवलं. ते हुंगून म्हणाले, "भेसळ आहे," आणि मोरीत ओतून दिलं. कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार होते?

मग व्हायचं तेच झालं. बेकरीवाल्या बाई फळ्या परत घेऊन आल्या. आमचं निम्मं काम त्यांचंच. "मिस्त्री, पावाला वास लागतोय. गिऱ्हाइकं बोलतात."

"पीठ बघा तुमचं," हे म्हणाले.

बाई तशा भल्या. जाताना मला दाराशी गाठून म्हणाल्या, "वहिनी, नव्या फळ्या द्या. पण पुन्हा असं झालं तर मला दुसरा सुतार बघावा लागेल."

ह्यांनी नव्या फळ्या केल्या. अशा की बघत राहावं. आणि त्यांना त्याच डब्यातलं तेल लावलं. मी म्हटलं, "अहो, या खेपेला पॅराफिन..."

"तू तुझं काम बघ."

दुसऱ्या दिवशी हे वखारीत लाकूड बघायला गेले आणि मी कामाच्या खोलीत शिरले. तेलाचा एकच हात लागला होता, फार खोल गेलं नव्हतं. काचपेपर घेऊन एकेक फळी घासली, पुसली, पुन्हा घासली. खांदे भरून आले. वास गेला तेव्हा पॅराफिन चोळलं आणि फळ्या होत्या तशा रचून ठेवल्या. नवऱ्याच्या कामावर चोरासारखा हात फिरवताना रडूही येत होतं आणि रागही येत होता. राग कोणाचा ते कळत नव्हतं.

बाई आल्या. एक फळी नाकाशी नेली, मग दुसरी, आणि हसल्या. "आता कसं. शेवटी मिस्त्रींचं नाक."

हे खूश झाले. किती दिवसांनी तो चेहरा बघितला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग बांधून द्यायला म्हणून ह्यांनी फळी उचलली, सवयीने तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा कोपऱ्याशी थांबला. तिथे मी घाईत लाकडाच्या रेषेला आडवं घासलं होतं. हे जन्मात कधी आडवं घासत नाहीत.

ह्यांनी फळ्या बांधून दिल्या, "या" म्हणाले. बाई गेल्यावर स्टुलावर बसले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय माहीत?"

"अगं, वास तेवढा कळत नाही मला. बाकी सगळं कळतं."

आता लपवून काय उपयोग? "दूध करपलं तेव्हापासून," मी म्हटलं.

"मला त्याच्याही आधीपासून. वाटायचं, येईल परत. म्हणून रोज हुंगून बघत होतो."

हे उठले, मी फडक्याखाली दडवलेली पॅराफिनची बाटली बरोबर काढली, दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, डोळे मिटून हुंगले.

"ह्याला वास नसतो ना?"

"नसतो."

"मग इथे तरी मी चुकत नाही," म्हणाले, आणि परत आलेल्या फळ्या घासायला घेतल्या.

मी मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मेण वितळलं तसा खोलीभर वास पसरला. हे खाली मान घालून घासत होते, रेषेबरोबर, सरळ.

"सुटला का गं वास?"

"सुटला."

"कसा येतोय?"

एरवी माझी टकळी दिवसभर थांबत नाही. "गोड," मी म्हटलं. "मधासारखा, पण जरा..." आणि पुढे शब्दच सापडेना. ह्यांनी हात थांबवला होता. मान माझ्याकडे वळवून वाट बघत होते.

"जरा काय?" म्हणाले.