ऐलाच्या हातचे रिव्हेट

"मुठीजवळ नको धरू. दांड्याच्या टोकाला धर," ताउनो म्हणाला.

"टोकालाच धरलंय."

"ते टोक नव्हे, ते मधलं."

ऐलाने रिव्हेट बसवायच्या यंत्राच्या दोन लांब दांड्यांवरचे हात मागे सरकवले. तळ्याकाठी सुताराच्या लाकडी घोड्यांवर ॲल्युमिनियमची नाव पालथी घातली होती. हिवाळ्यातल्या बर्फाने तळाच्या जोडावरचे, दोन पत्रे एकत्र धरणारे सात रिव्हेट ढिले केले होते. एकेचाळीस वर्षं ताउनोने पत्र्याची कामं केली. गावातल्या चर्चचा मनोरा, शाळेचं छप्पर, कुणाकुणाची धुराडी. तीन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले. शर्टाची बटणं ऐला, त्याची बायको, लावायची, ते त्याने चालवून घेतलं. हत्यारांना मात्र तिला हात लावू दिला नव्हता.

मागच्या आठवड्यात नावेच्या फळीवर कापड ठोकताना त्याच्या हातचं स्टेपलर दरवेळी उचललं जायचं आणि पिना अर्ध्या वर राहायच्या. ऐलाने मागून येऊन स्टेपलरच्या तोंडाशी तळवा दाबून धरला, तेव्हा पिना सपाट बसल्या. त्याने स्टेपलर पुढे सरकवलं.

आज सकाळी त्याने जुने रिव्हेट काढायला ड्रिल लावलं, ते घसरलं आणि पत्र्यावर वीतभर ओरखडा उठला. मग साउनाच्या, म्हणजे तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून त्याने शेजारच्या रायमोला फोन केला. "नाव घेऊन जा. फुकट घे," एवढंच म्हणाला. ऐलाने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आणि ॲप्रनसकट बाहेर आली.

"रायमोला परत फोन कर. संध्याकाळी ये म्हणावं, पण नुसता कॉफीला."

"आणि रिव्हेट कोण मारणार?"

"मी. तू सांग."

"आयुष्यभर शाळेत मटाराचं सूप ढवळलंस तू."

"तीनशे मुलांचं. माझे दंड तुझ्याहून जाड आहेत."

जुने सात रिव्हेट तिने काढले, बरेच घाबरत. नवे त्याने निवडून दिले, तळ बंद असलेले, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. "दोन्ही पत्र्यांची जाडी मोज आणि त्यावर थोडी लांबी जास्त ठेव. आखूड पडला तर पकडत नाही. आधी दोन्ही पत्रे शिकंज्यात आवळ. फट राहिली की सगळं वाया."

पहिला रिव्हेट तिने घातला आणि दांडे दाबले. मधला खिळा तुटायला हवा तसा टक्कन तुटला, पण डोकं वाकडं बसलं.

"काढ," ताउनो म्हणाला.

"एवढंसं तर वाकडं आहे."

"पाण्याला एवढंसंच लागतं. यंत्राचं तोंड पत्र्याला टेकवून सरळ धर. हिसका नको, अंगाचा भार दे."

तिने तो ड्रिलने काढला. दुसरा नीट बसला, तिसराही. चौथ्याला तिच्या तळव्यावर फोड येऊन फुटला, हात तिने त्याच्या नजरेआड ॲप्रनला पुसला आणि पाचवा उचलला. ताउनो शेजारी उभा राहून बोलत होता, आधी चुका सांगत, मग नुसता "हं" म्हणत. सातव्याला तो बादली आणायला गेला.

मग दोघांनी मिळून नाव उलटवून घोड्यांवर सरळ ठेवली आणि ऐलाने तळ्यातून बादल्या आणून आत ओतल्या. जोड पाण्याखाली गेला.

"आता खालून गळतंय का बघायचं," ताउनो म्हणाला. "ते काम माझं."

गुडघे टेकून, मग पाठीवर, तो घोड्यांच्या मधे सरकला. ऐलाला फक्त त्याचे बूट दिसत होते. त्याने जोडावर तळवा लावला असावा, कारण पत्र्यावर बोटांची बारीक टकटक सुरू झाली, जशी रोज त्याच्या हातातल्या कॉफीच्या कपावर व्हायची.

"काय?" तिने विचारलं.

"कोरडं आहे."

"सगळं?"

"सगळं. पाचवा छान बसवलायस."

"मग ये बाहेर."

"येतो. थोडा वेळ बघू दे."

ऐला गवतावर बसली. रस्त्यावरून रायमोची गाडी वळताना दिसली. तिने त्याला हात केला, तसाच थांब म्हणून, आणि पत्र्यावरची टकटक ऐकत राहिली.