रुमालकाकांचा शब्द

त्या गल्लीत सकाळी आधी गाड्या उठत आणि मग माणसं. थंडीच्या दिवसांत इंजिन नीट तापल्याशिवाय गाडी हलवायची नाही, अशी तिथली पक्की समजूत. उजाडलं की घराघरातून कोणीतरी स्वेटर चढवून बाहेर यायचं, चावी फिरवायचं आणि गाडी तशीच घरघरत ठेवून आत जायचं. चहा, दाढी, पेपर, हरवलेला मोजा, एवढं सगळं उरकेपर्यंत गल्लीभर इंजिनं चालू. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण बहुतेक गाड्या एकाच कंपनीच्या, नव्या 'स्वच्छ डिझेल'च्या होत्या आणि एकाच माणसाच्या शब्दावर घेतलेल्या होत्या.

तो माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले रुमालकाका. त्या कंपनीच्या शोरूममध्ये गाड्या विकण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. ग्राहक थोडा जरी कां-कूं करू लागला की काका गाडी सुरू करायला लावत, खिशातून घरी धुतलेला, इस्त्रीचा पांढरा रुमाल काढत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरत. मग तो ग्राहकासमोर पसरून म्हणत, "बघा, लागला का कुठे डाग? हुंगा हवं तर." आणि ग्राहक हुंगायच्या आत त्याच रुमालाने स्वतःचं कपाळ पुसत. हे शेवटचं कपाळ पुसणं कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांचा स्वतःचाच विश्वास होता तो. लोक गाडीकडे कमी आणि त्या कपाळाकडे जास्त बघून पैसे भरत.

घरात मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. नातीला सगळे चिमणी म्हणत. चिमणीला दमा होता. दप्तरात पुस्तकं विसरली तरी चालत, औषधाचा पंप विसरून चालत नसे. मुलगा गाडी घ्यायला निघाला तेव्हा काकांनीच हट्ट धरला होता, "पोरीच्या छातीसाठी तरी ही बिनधुराची घे." गाडी उभी राहायची ती चिमणीच्या खिडकीखाली. मुलाला ऑफिसला उशीर नको म्हणून रोज पहाटे उठून ती तापवून ठेवायचे ते आजोबाच. वर खिडकी थोडी उघडी असायची, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोलीत मोकळी हवा खेळू द्या.

मग एक दिवस बातमी आली.

कंपनीने गाडीत बसवलेल्या प्रोग्रामला परीक्षा ओळखता येत होती. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण रस्त्यावर नसून तपासणीच्या रोलरवर आहोत, एवढं त्याला कळायचं. कळलं की गाडी साहेबांसमोरच्या मुलासारखी हाताची घडी घालून शहाण्यासारखी वागायची. साहेबांची पाठ वळली, गाडी रस्त्यावर आली, की धूर साफ करणारी यंत्रणा आवरती घ्यायची आणि परवानगीच्या कितीतरी पट विषारी वायू मागे सोडायची. काजळी नळीतल्या जाळीत अडकते, म्हणून रुमाल पांढरा राहायचा. छाती जाळणारा वायू मात्र जाळीतून सरळ निघून जातो आणि रुमालावर त्याचा डाग पडत नाही.

हे करणारे अडाणी नव्हते. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांनी, एसी खोलीत बसून, कामाचा भाग म्हणून हे केलं होतं. उघडकीला आल्यावर कंपनीने हात झटकले: काही मोजक्या इंजिनिअरांची चूक. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात, इथे तर चोरालाच चौकशीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या तरुण मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं. "कोणी विचारलं तर 'तपास चालू आहे', बस्स. आणि काका, तुमचा रुमाल चालू ठेवा. डोळ्यांना दिसलं की लोकांना पटतं."

"पण साहेब, रुमालावर ते दिसतच नाही."

"म्हणूनच तर म्हणतोय."

काकांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं एका गोड आवाजाने सांगितलं, मग पुन्हा संगीत. शेवटी एक माणूस मिळाला. गाडीचा प्रोग्राम बदलून मिळेल, पण तारीख अजून ठरलेली नाही, तोपर्यंत गाडी खुशाल चालवा, ती पूर्ण सुरक्षित आहे, असं त्याने एका दमात वाचून दाखवलं.

"कोणासाठी सुरक्षित?" काकांनी विचारलं.

"सर, गाडी सुरक्षित आहे," तो पुन्हा म्हणाला.

त्या दिवसापासून काकांनी रुमाल खिशाबाहेर काढला नाही. पहाटे गाडी तापवणंही बंद केलं. पण तोंडही उघडलं नाही. आपण फक्त खोटं बोलायचं थांबवलं की आपले हात स्वच्छ झाले, असं पुष्कळ सज्जनांना वाटतं. काकांनाही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. मैदानावर चिमणीला श्वास घेता येईना. पंप दिला तरी ती सावरली नाही. सून धावत दवाखान्यात पोचली तेव्हा पोरीचे ओठ निळसर पडले होते आणि नाकावर मास्क होता. काका कॉटच्या पायथ्याशी उभे होते. चिमणीची छोटी छाती वर-खाली होताना त्यांना बघवेना, आणि नजर वळवायची तर कुठे वळवावी तेही कळेना.

धोका टळल्यावर सुनेने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "आमच्या गाडीमुळे झालं का हे? खरं सांगा."

"असं एका गाडीवर बोट ठेवता येत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थंडी असते, धूळ असते, रस्त्यावरच्या हजार गाड्या असतात. पण त्या वायूने दमा बळावतो, हे खरं आहे. हवा शेवटी सगळ्यांची असते."

हवा सगळ्यांची, म्हणून दोष कोणाचाच नाही! केवढी सोय आहे पाहा. खून करायचा असेल तर असा करावा.

घरी आल्यावर सून नवऱ्यासमोर उभी राहिली. "ती गाडी माझ्या दारातून काढा. विका, भंगारात घाला, कुठेही जाऊ दे. मला ती पुन्हा इथे दिसायला नको."

मुलाला तेच हवं होतं. किंमत रोज घसरत होती. गल्लीत सगळ्यांचीच लगबग सुरू झाली होती. पूर्वी रविवारी पोरं क्रिकेट खेळायची तिथे आता गाड्या धुतल्या जात होत्या, गिऱ्हाइकं येत होती, आणि प्रत्येक फाटकात एकच वाक्य ऐकू येत होतं, "बातमीतल्या वेगळ्या हो, आमची त्यातली नाही." सगळ्या त्यातल्याच होत्या. सगळ्यांना ते माहीत होतं. पण तेरी भी चूप, मेरी भी चूप.

कोपऱ्यावरच्या घरी आले ते एक शिक्षक, त्यांची बायको आणि शिक्षकांची आई. शिक्षकांनी दोनदा चक्कर मारून पाहिली. बायकोला रंग आवडला. म्हातारी मात्र कठड्यावर टेकून दम खात बसली होती. चार पायऱ्या चढल्या होत्या तेवढ्याच.

"आईसाठीच बघतोय," शिक्षक म्हणाले. "दवाखान्याच्या खेपा फार. तिला धूर अजिबात सोसत नाही. ते बातम्यांमध्ये काहीतरी आलं होतं ना?"

"ते वेगळं," मुलगा झटकन म्हणाला. "आमचे बाबा त्याच कंपनीच्या शोरूममध्ये आहेत. त्यांनाच विचारा ना. बाबा! जरा रुमाल घेऊन या बाहेर. यांना दाखवा."

काका दारात आले. म्हातारीने मान वर केली, पदराने तोंड पुसलं आणि ती ओळखीचं हसली. "तुम्हीच का ते? तुमचं नाव ऐकून आलो. तुम्ही हो म्हणालात की झालं. आम्हाला यातलं काय कळतंय?"

मुलगा हात पुढे करून वाट बघत होता. गाडी सुरू होती. खिडकीत चिमणी उभी होती, अजून अशक्त.

"ताई," काका म्हणाले, "घेऊ नका."

"बाबा!"

"ही त्यातलीच आहे. त्या रुमालाला काही अर्थ नाही. डाग पडत नाही, पण विष बाहेर पडतंच. माझ्या नातीच्या खिडकीखाली मीच रोज ही चालू करून ठेवत होतो. तुम्हाला आधीच धाप लागतेय. तुमच्या दारात हिला नेऊ नका." त्यांनी वाकून गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

शिक्षक ओशाळले, आभार मानून निघाले. म्हातारीने जाताना काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

फाटक लागलं तसा मुलाचा बांध फुटला. "झालं समाधान? हरिश्चंद्र व्हायची हौस आत्ताच आली? मला ही घ्यायला लावली तेव्हा कुठे होता तुम्ही? सगळी गल्ली विकतेय, आपणच तेवढे शहाणे! आता हिचं करू काय, लोणचं घालू?"

"रागव," काका म्हणाले. "तुझा राग खरा आहे. पण त्या बाईंच्या गळ्यात नाही मारायची."

मुलगा मदतीसाठी बायकोकडे वळला. "तूच म्हणालीस ना, कुठेही जाऊ दे?"

"म्हणाले होते," सून म्हणाली. "तेव्हा मला 'कुठेही' म्हणजे काय ते दिसलं नव्हतं. आत्ता ते कठड्यावर बसून धापा टाकत होतं."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. काकांना वाटलं, लोक आता आपल्याला जाब विचारणार, आमच्या पोरांना वायू हुंगवलात म्हणून. त्यांनी त्यासाठी मान खाली घालून ठेवली होती. पण तसं कोणी बोललंच नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, काका," दोन घरं सोडून राहणारे चष्मेवाले म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. "ती तुम्ही भर रस्त्यात उघडलीत. आता आमच्या गाड्यांना कुत्रं विचारेल का?"

"मग सगळे मिळून कंपनीच्या दारात जाऊ," काका म्हणाले. "गाड्या परत घ्या म्हणू. भरपाई मागू. मी पुढे उभा राहतो, मी काय काय सांगून विकल्या ते सगळं सांगतो."

"जाऊ की, नक्की जाऊ. आधी गाडी खपू दे, मग जाऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यातला एकही माणूस दुष्ट नव्हता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. शेजारच्या मयताला खांदा देणारी, चिमणीसाठी दवाखान्यात डबा पोचवणारी ही माणसं. कंपनीने फसवलं म्हणून ती तळमळत होती, आणि ती तळमळ शमवायला एकच उपाय त्यांना सुचत होता, आपल्याहून भोळा कोणीतरी शोधणं. एका मोठ्या चोरीतून अशा हजार छोट्या चोऱ्या जन्माला येतात, आणि त्यांची चौकशी कुठलीच समिती करत नाही.

सोमवारी काकांनी शोरूममध्ये आलेल्या पहिल्याच ग्राहकाला सगळं खरं सांगितलं. मॅनेजरने त्यांना आत बोलावलं आणि दुपारी ते घरी होते. इतक्या वर्षांच्या नोकरीचा निरोप म्हणून शिपायाने रिक्षापर्यंत पिशवी आणून दिली, तेवढाच.

त्यांनी मनाशी ठरवलं, ज्याला ज्याला शब्द दिला त्याच्या दारी जायचं आणि तो परत घ्यायचा. चुलत भावापासून सुरुवात केली. ते रोज निघू लागले. सून कामावरून आली की तीही सोबत जायची. कोणी चहा दिला, कोणी दार अर्धंच उघडलं. एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे हो काका, पण मग आता विकू कशी?" त्या प्रश्नापुढे काका रोज नव्याने हरत होते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला घालत होते.

अशाच एका सकाळी ते चिमणीला शाळेत सोडून परतत होते. गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाल्यांची निळी गाडी येताना दिसली. स्टिअरिंगवर चष्मेवाले नव्हते. शिक्षक होते. मागे त्यांची बायको, आणि पुढच्या सीटवर, काच खाली करून, वारा घेत बसलेली म्हातारी. मांडीवर तिची औषधांची पिशवी होती.

काका रस्त्याच्या मधूनच धावत सुटले. एक चप्पल मागे राहिली. हात वर करून ते ओरडत होते, "थांबा! अहो, थांबा, ती पण त्यातलीच!" पण बाजूच्या घरांसमोर तीन गाड्या तापत उभ्या होत्या, त्या घरघरीत शब्द पोचले नाहीत.

म्हातारीने त्यांना पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"अरे, ते बघ तेच," ती मुलाला म्हणाली. "किती देवमाणूस! त्याने अडवलं म्हणून ही चांगली मिळाली आपल्याला; आता निरोप द्यायलाही धावत आला."

आणि खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून, गाडी वळेपर्यंत, ती त्यांच्याकडे बघून हात हलवत राहिली.